पोट साफ होत नाही म्हणून लिव्हर गेलं का? ओपीडीतली एक केस

गॅस्ट्रोच्या, म्हणजे पोटविकारांच्या ओपीडीतून माझ्याकडे समुपदेशनाला जे पेशंट येतात त्यातले बरेच जण बसायच्या आधीच विचारतात, मॅडम आमच्यात दारूला कुणी शिवत नाही, मग लिव्हरचा आजार आला कुठून? आणि लगेच दुसरा प्रश्न, पोट साफ होत नाही म्हणून झालं का, एखादं चूर्ण चालू करू का? यावर एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई पस्तिशीच्या, मराठवाड्यातल्या, स्वतःच्या शेतात राबणाऱ्या. एका रात्री एकदम रक्ताची उलटी झाली. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या दिसल्या, त्याच वेळी रबर बँड टाकून बांधल्या. सोनोग्राफीत प्लीहा वाढून १७ सेंटिमीटर, प्लेटलेट घटून ७० हजार, पण लिव्हरचं काम दाखवणारे बिलिरुबिन, अल्ब्युमिन सगळं नॉर्मल. मग मानेतल्या शिरेतून लिव्हरचा तुकडा काढून तपासला, त्यात सिरॉसिस, म्हणजे व्रण पडून लिव्हर कडक होणं, नाहीच. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं एनसीपीएफ (नॉन-सिरॉटिक पोर्टल फायब्रोसिस), हल्ली याला पीएसव्हीडी (पोर्टो-सायनुसॉइडल व्हॅस्क्युलर डिसऑर्डर) पण म्हणतात. म्हणजे लिव्हरचं काम ठीक चाललंय, बिघाड आहे तो आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत.

पण गावात निकाल कधीच लागलेला. जाऊ म्हणे मिश्रीने झालं, कुणी म्हणे चोरून पीत असणार, आणि सासूबाईंचं एकच, हिचं पोट लग्नापासून साफ नाही. ताई रडत होत्या त्या आजारापेक्षा या बोलण्यानेच जास्त. म्हणून मी नवरा आणि सासूबाई दोघांनाही आत बसवलं, कारण हे एकट्या पेशंटला समजावून काही उपयोग नसतो, घरी गेल्यावर परत तेच सुरू.

सासूबाईंना म्हटलं, मावशी तुमचं अगदीच चुकीचं नाही. जठर, आतडी, प्लीहा यांचं रक्त एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये येतं, ती पोर्टल व्हेन, लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं साधारण ७५ टक्के हेच. आता शेतातला पाट पुढे गाळाने चोंदला की पाणी मागे तुंबतं आणि मिळेल तिथून वाट काढतं, तसंच हे, म्हणून प्लीहा वाढली आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या. आणि तो गाळ येतो कुठून, तर आतड्याला वारंवार इन्फेक्शन झालं, सूज राहिली, तर जंतू आणि त्यांचे विषारी अंश त्याच रक्तातून लिव्हरला पोचतात आणि बारीक फांद्यांना सूज येऊन त्या हळूहळू बंद होतात, असं मानलं जातं. गढूळ पाणी, लहानपणीची सततची हगवण याच्याशी हा आजार आपल्याकडे बरीच वर्षं जोडला जातोय. हे एकच कारण आहे असं नाही, रक्त लवकर गोठण्याचा दोषही काहींत सापडतो. पण सकाळी कळ न येणं, गॅस होणं हे त्यातलं कारण नव्हे.

मग सिलिॲकचा विषय निघाला. म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला सूज येते तो आजार, पीएसव्हीडीच्या काही पेशंटमध्ये तो सोबत असतो, त्यासाठी टीटीजी नावाची रक्ततपासणी करतात. इथे लोक घाई करतात, यूट्यूब बघून आधी गहू सोडतात आणि मग टेस्ट करतात, अशाने रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. ताईंना सांगितलं, टेस्ट होईपर्यंत रोज चपाती खा. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्या चक्क हिरमुसल्या, म्हणाल्या निदान काहीतरी सोडून बरं वाटलं असतं. (मला हे नेहमीचं झालंय, पथ्य मिळालं की माणसाला धीर येतो.)

चूर्णाचं मी स्पष्टच सांगते, घ्यायचं नाही. आत काय आहे कळत नाही, आणि मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीचा काढा घेऊन लिव्हरला सूज आलेले पेशंट नोंदवलेत, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही तो भाग वेगळा, पण आधीच आजारी असलेल्या बाईवर प्रयोग कशाला. दह्याताकाला कुणाची ना नाही, पण प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूलनी चोंदलेल्या शिरा उघडत नाहीत. खरं काम करतं ते बँडिंगच्या तारखा पाळणं आणि शिरांमधला दाब कमी करणारी कार्व्हेडिलॉलची गोळी मनाने बंद न करणं. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोसारखी वेदनाशामक गोळी तर अजिबात नको, रक्तस्राव परत होऊ शकतो. हे नवऱ्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण गोळ्या आणतो तोच.

पुढे एकदा त्याचाच फोन, घाबरलेला, शौचाला काळं झालंय. काळं म्हणजे डांबरासारखं चिकट, घाण वासाचं का, विचारलं तर नाही, घट्ट आणि काळपट हिरवं. लोहाची गोळी सुरू झाल्यावर असं होतंच, तरी मी म्हटलं फोनवर ठरवायचं नाही, आत्ता घेऊन या. हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं, आधी आठ होतं. गोळी तशीच चालू ठेवली आणि पुढच्या बँडिंगची तारीख घेऊन दोघं संध्याकाळच्या एसटीने गेले, जाताना सासूबाईंच्या वतीने विचारून घेतलं, ताईंना ताक रोज दिलं तर चालेल ना.