वर्णभेद संपल्यानंतर सोवेटोमधील लोकांची घरे खरोखर सुधारली का?

सुधारली, पण सर्वांची नाही. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहराच्या नैर्ऋत्येकडील या वस्तीत वर्णभेदी राजवटीने कृष्णवर्णीय कामगारांसाठी चार खोल्यांची एकसारखी घरे बांधून ती भाड्याने दिली. या लोकांना शहरातले तात्पुरते रहिवासी मानले जात असल्यामुळे जमिनीची मालकी त्यांना नाकारली गेली. १९७६ च्या विद्यार्थी उठावानंतर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची सोय झाली आणि पुढे अशी असंख्य घरे भाडेकरूंच्या नावावर झाली. घर आपले झाल्यावर लोकांनी खोल्या वाढवल्या, कुंपणे घातली आणि परसात भाड्याच्या खोल्या बांधल्या. माझ्या मते सोवेटोतील घरांचा प्रश्न आज खऱ्या अर्थाने या परसातील खोल्याच पेलत आहेत, कारण त्यातून तरुण कुटुंबांना निवारा आणि वृद्ध मालकांना उत्पन्न मिळते. पाणी आणि मलनिस्सारण यांवर मात्र त्याचा मोठा ताण पडतो.

सोवेटोतीलच डीपक्लूफ एक्स्टेन्शनसारख्या भागात सुस्थितीतील मध्यमवर्ग राहतो. उलट क्लिपटाउनमध्ये, जिथे १९५५ साली स्वीकारलेल्या, वर्णभेदविरोधी चळवळीच्या स्वातंत्र्य सनदेत सर्वांना घरांचे वचन दिले गेले, तिथे पत्र्याच्या झोपड्या अजून उभ्या आहेत.

वर्णभेद संपल्यावर, म्हणजे १९९४ नंतर, सरकारने देशभर लाखो मोफत घरे दिली, पण त्यांतील बरीचशी रोजगारापासून दूर, स्वस्त जमिनीवर उभी राहिली. नव्वदच्या दशकात नाव नोंदवलेले अनेक अर्जदार अजून प्रतीक्षेत आहेत, आणि सरकार आता तयार घराऐवजी पाणी व गटाराची सोय असलेला भूखंड देण्याकडे वळले आहे.