कोमट पाण्याची रडी

"ताई, व्याख्या तोंडपाठ आहेत हो, पण स्वतः प्रयोग मांडायचा म्हटलं की गडबडते." सहावी-सातवीच्या पालकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की विज्ञान प्रदर्शनं आणि होमी भाभा स्पर्धेच्या दिवसांत मी ते गृहीतच धरते.

सई (नाव बदललंय) सहावीतली. वहीत मोत्यासारख्या अक्षरात स्वतंत्र चल (आपण बदलतो ते), अवलंबी चल (मोजतो ते), नियंत्रित चल (तसंच ठेवतो ते). प्रश्न : उजेडात मटकीला मोड लवकर येतात का? एक वाटी खिडकीत, कोमट पाण्यात भिजवलेली. दुसरी कपाटात, माठातल्या पाण्यात. खिडकीतलीला आधी मोड आले, म्हणून निष्कर्ष 'उजेडामुळे'. बाईंनी लाल शाईने लिहिलं, 'चल नियंत्रित नाहीत', आणि घरी रडारड.

तीन भेटी मी 'चल' या शब्दाभोवतीच घालवल्या. इतक्या वर्षांनीही व्याख्येचा मोह सुटत नाही! चौथ्या भेटीत वही मिटली.

"भावाशी शर्यत लावतेस?"

"तो रडी खेळतो. आधीच पळायला लागतो."

"तरी जिंकला तर?"

"धरायचंच नाही. एका रेषेवरून पळाला तर खरं."

मी गप्प राहिले. तिनं वही ओढली, वाट्यांच्या चित्रावर बोट ठेवलं. "ताई, कोमट पाण्यानं रडी केली."

बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या मते असा पद्धतशीर विचार अकरा-बाराव्या वर्षापासून जमू लागतो. माझा अनुभव सांगतो की त्याचं बी अंगणातल्या खेळात आधीच पडलेलं असतं. म्हणून पालकांनो, व्याख्या विचारू नका. काय बदललंस, काय मोजलंस, काय तसंच ठेवलंस, एवढंच विचारा. आणखी एक घोळ : शाळेत 'कंट्रोल' म्हणजे सारख्या ठेवलेल्या गोष्टीही आणि तुलनेसाठी न बदललेली वाटीही. तो फरक वाटी हातात देऊनच समजवा.

सईला मी जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. १७४७ मध्ये जहाजावर स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार) झालेल्या १२ खलाशांच्या त्यानं ६ जोड्या केल्या. जेवण सगळ्यांना एकच, उपाय तेवढा वेगळा. संत्री-लिंबं मिळालेली जोडी सगळ्यांत लवकर सावरली. "जेवण वेगळं असतं तर रडीच ना?" तिनं विचारलं.

मग तिनं पुन्हा मांडलं. दोन्ही वाट्यांत २०-२० दाणे, पाणी एकाच भांड्यातलं, टेबल एकच. एका वाटीवर पुठ्ठ्याचं खोकं. मोड जवळपास बरोबरीनं आले. "काहीच झालं नाही," ती हिरमुसली. मोडांना ओलावा, ऊब आणि हवा लागते, उजेडावाचून त्यांचं अडत नाही. तिची आजी मटकी फडक्यात बांधून डब्यात ठेवते, तिला कुठे उजेड असतो? हे उत्तर तिचं तिनंच काढलं होतं, हे पटायला तिला दोन दिवस लागले.

पुढच्या भेटीत ती रिकाम्या हातानं आली. तिसऱ्यांदा मांडलेल्या प्रयोगात भावानं एका वाटीत जास्तीचं पाणी ओतलं होतं. तिनं दोन्ही वाट्या आईच्या उसळीला देऊन टाकल्या आणि नव्यानं दाणे मोजायला घेतले. हे तिला मी सांगितलं नव्हतं.