विहिरीतलं दार

"मॅडम, माझ्यातलं काहीतरी मेलंय का हो?"

समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या तोंडून ऐकला आहे, की त्यावर लिहायचं मनात घोळत होतं. प्रसंग दरवेळी तोच. लहानपणी जीव की प्राण असलेलं जादूचं, राक्षसांचं, उडत्या घोड्यांचं पुस्तक माणूस चाळिशीत पुन्हा हातात घेतो, आणि आतून काहीच हलत नाही. कुणाचं हॅरी पॉटर असतं, कुणाच्या अरबी सुरस गोष्टी. लोक हसत हसत सांगायला लागतात आणि मध्येच त्यांचा आवाज जातो. ही चिंता किरकोळ नाही.

एका बाईंची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. वय सेहेचाळीस, बँकेत अधिकारी. वडील एसटीत कंडक्टर होते. स्टँडवरच्या बुक स्टॉलवरून ते दर महिन्याला 'चांदोबा' आणायचे, पावसाळ्यात खाकी शर्टाच्या आत पोटाशी धरून. १९४७ साली मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं हे मासिक १९५२पासून मराठीत येऊ लागलं, आणि आमच्या दोन-तीन पिढ्यांच्या दुपारी त्याने भरून टाकल्या. वडील गेल्यावर घर आवरताना माळ्यावर सुतळीने बांधलेले गठ्ठे निघाले. बाईंनी शनिवार-रविवार दार लावून चाळीस अंक वाचून काढले.

"काहीच वाटलं नाही. राजा न्यायी, मंत्री कपटी, आणि राजकन्या शेवटी बक्षीस म्हणून देऊन टाकलेली. उलट रागच आला. आणि एक गोष्ट तर सापडलीच नाही."

"कोणती?"

"एक निळा पक्षी कोरड्या विहिरीत उतरतो. तळाला दार असतं. पलीकडे एक गाव, तिथले सगळे लोक कुजबुजत बोलतात. मला ती चित्रासकट आठवते. प्रत्येक पान उलटलं, कुठेच नाही. कुणी अंक रद्दीत घातला असेल का?"

पहिल्या काही भेटी वडिलांवरच गेल्या, आणि त्या तशा जायलाच हव्या होत्या. मधल्या एका भेटीतलं बोलणं मात्र लक्षात राहिलं.

"बाबांनी एवढ्या हौसेने आणलेले अंक. मला भरून यायलाच हवं होतं."

"यायलाच हवं, हे कुणी ठरवलं?"

त्या गप्प.

"बाबांसाठी वाटतं?"

"खूप."

"मग आटलंय कुठे? ते अंक वाचताना आलं नाही, एवढंच."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली आहे. 'वाटलं तर बरं होईल' आणि 'वाटायलाच हवं' यांत केवढं अंतर असतं, ते मी रोज पाहते. पुस्तक हातात घेऊन स्वतःची परीक्षा घ्यायला बसलेल्या माणसाला गोष्ट दिसतच नाही, तो फक्त आपली नाडी तपासत राहतो. हे बाईंना पटलं. रात्रीची झोप सुधारली. तरी त्या विहिरीपाशी येऊन आम्ही अडायचो.

मग एकदा मी अगदी साधं विचारलं.

"तेव्हा एक अंक किती दिवस पुरायचा?"

"दिवस कसले! एका दुपारीत फडशा."

"आणि पुढचा?"

"महिन्याने. बाबांची ड्यूटी लांबच्या रूटला लागली की एखादा चुकायचाच."

"मग मधले एकोणतीस दिवस काय करायचात?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बाहेर रिक्षावाले भांडत होते, तेवढाच आवाज. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करू नये.

"आमच्या परसात विहीर होती," त्या हळूच म्हणाल्या. "आटलेली. मी आणि धाकटा भाऊ कठड्याजवळ बसायचो. अंक चुकला की तो रडायचा, म्हणून पुढचं मीच सांगायचे. रोज थोडं थोडं." मग एकदम वर बघत, "अहो मॅडम, तो पक्षी मीच सोडला होता त्या विहिरीत!"

त्या रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. एकोणतीस दिवसांचा तो प्रश्न कुठल्याही अभ्यासक्रमात मला कुणी शिकवला नव्हता. बावीस वर्षं माणसांसमोर बसल्यावर तो सुचला, याचं मला आजही समाधान आहे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली एक प्रयोग मांडला होता. इंग्लंडमधल्या वाचकांना त्यांनी अमेरिकेतल्या आदिवासींची भुतांच्या लढाईची एक लोककथा वाचायला दिली आणि दिवसांनी, महिन्यांनी, काहींना तर वर्षांनी ती पुन्हा सांगायला लावली. सांगताना कथेतली 'कनू', म्हणजे तिकडची अरुंद नाव, साधी होडी झाली, न समजलेली भुतं हळूहळू गळून पडली. आठवण म्हणजे पेटीतून काढलेलं लुगडं नव्हे, दरवेळी ते नव्याने विणलं जातं. आपल्या लाडक्या पुस्तकाचंही हेच होतं. तीस वर्षं जे आपण जपलेलं असतं त्यात छापलेला मजकूर थोडा आणि आपली वीण फार. पुन्हा वाचायला जातो तेव्हा हाती फक्त मजकूर येतो, आणि आपणच आटलो असं वाटू लागतं.

चांदोबातला वेताळच बघा ना. मूळ कथा पंचवीस, पण त्याच साच्यात चांदोबाने वर्षानुवर्षं नव्या रचल्या. वेताळ गोष्ट सांगून प्रश्न टाकतो, विक्रम तोंड उघडतो आणि प्रेत पुन्हा झाडावर. राजाचं उत्तर वाचण्याआधी लहानपणी आपण थांबायचो, भावंडांशी वाद घालायचो. मोठेपणी नजर सरळ खालच्या परिच्छेदावर जाते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, एका बैठकीत गठ्ठा संपवू नका. एक गोष्ट वाचा आणि अंक मिटून आठवडाभर ठेवा. मधल्या दिवसांत काय सुचतं ते बघा. काही सुचलं नाही तरी चालेल. राजकन्या बक्षीस म्हणून दिल्याचा राग आला तर तो दाबू नका. त्या रागाने बालपणाशी बेइमानी होत नाही, आठ वर्षांच्या मुलीला जे दिसलं नव्हतं ते बाईला दिसलं. आणि कृपा करून मुलांना समोर बसवून 'बघ, आवडतंय ना' असं विचारू नका. तुमची वीण त्यांना दिसणार नाही. त्यांची त्यांना घालू द्या, मग ती मोबाइलवरच्या एखाद्या ड्रॅगनभोवती का असेना.

काहींना एवढं करूनही पुस्तक आवडत नाही. मग ते माळ्यावर ठेवावं. शोक करण्यासारखं त्यात काही नाही. मात्र सगळ्याच गोष्टींतला रस गेला असेल, जेवणातला, माणसांतलासुद्धा, तर मामला पुस्तकाचा नाही; तेव्हा उशीर न करता मनोविकारतज्ज्ञांना भेटावं.

शेवटच्या भेटीला बाई आल्या त्या फोनची हकिगत घेऊन. भाऊ गेली कित्येक वर्षं दुबईला. दोघांचं बोलणं वडिलांच्या जागेच्या कागदपत्रांपुरतं उरलं होतं. त्यांनी त्याला मध्येच विचारलं, "तुला विहिरीतला निळा पक्षी आठवतो का रे?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "ताई, त्या गावातले लोक कुजबुजत का बोलायचे, ते तू शेवटपर्यंत सांगितलंच नाहीस."

"मग? काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, रविवारी फोन कर. सांगते."