घरच्या संगीतसंग्रहाचा बॅकअप: नॅसमध्ये दोन डिस्क असल्या तरी वेगळी प्रत लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी दोन डिस्कचे नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा, आहे; त्यावर सुमारे २ टेराबाइट गाणी, कॅसेटवरून उतरवलेली ध्वनिमुद्रणे, चित्रपट आणि घरचे व्हिडिओ आहेत. दोन्ही डिस्क रेड-१ पद्धतीने जोडलेल्या असल्यामुळे प्रत्येक फाइल आपोआप दोनदा लिहिली जाते. मग आणखी बॅकअप हवा का, हवा असल्यास क्लाउड घ्यावा की डिस्क, आणि पडून असलेली जुनी ५०० जीबीची डिस्क त्यासाठी चालेल का?

वेगळी प्रत हवीच. रेड-१ हा एक डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, एवढ्यापुरता बंदोबस्त आहे. तुम्ही एखादे फोल्डर चुकून पुसले, तर ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसले जाते. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर त्याही दोन्हीकडे एकदमच होतात. वीज पडून किंवा पॉवर सप्लाय बिघडून जास्त विद्युतदाब आत शिरला, तर एकाच डब्यात शेजारी शेजारी बसलेल्या दोन्ही डिस्क जायला वेळ लागत नाही. त्यातून त्या दोन्ही एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या असल्या, तर त्यांचे म्हातारपणही बरोबरच येण्याची शक्यता असते.

हे मी अनुभवाने सांगतो. आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. वडील हार्मोनियमची साथ करीत आणि घरगुती बैठकी, गणेशोत्सवातले कार्यक्रम, तालमी वगैरे जमेल तेव्हा टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवीत. अशा दीडशेच्या वर कॅसेट घरात होत्या. त्या संगणकावर उतरवण्याचे काम मी सवडीने करीत होतो, कारण नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात आणि त्यात घाई चालत नाही. मूळ डिस्क आणि तिची प्रत मी ज्या कपाटात ठेवली होती, त्याचा खण भिंतीवरच्या २००५ च्या पुराच्या खुणेपेक्षा हातभर वर होता, आणि एवढी खबरदारी पुरेशी आहे असे घरातल्या सगळ्यांनाच वाटत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी त्या खुणेच्याही वर गेले. पाणी उतरल्यावर कपाट उघडले, तेव्हा खणात बोटभर गाळ होता आणि त्यात दोन्ही डिस्क एकावर एक, जशा ठेवल्या होत्या तशाच बसलेल्या होत्या. वाचली ती फक्त पुण्याला बहिणीकडे ठेवलेली तिसरी प्रत, आणि ती अकरा महिने जुनी होती. त्या अकरा महिन्यांत उतरवलेल्या एकोणीस कॅसेट कायमच्या गेल्या, कारण मूळ कॅसेटही त्याच कपाटाच्या खालच्या खणात होत्या.

त्यामुळे मी पहिले काम सांगेन ते डिस्क विकत घेण्याचे नाही, तर संग्रह निवडण्याचे आहे. २ टेराबाइट हा आकडा मोठा वाटतो, पण त्यातला बहुतेक भाग चित्रपट आणि पुन्हा मिळू शकणाऱ्या अल्बमांनी व्यापलेला असतो. जे जगात दुसऱ्या कोणाकडेही नाही, ते सहसा फारच थोडी जागा घेते. सीडीच्या दर्जाने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट या मापाने उतरवलेली नव्वद मिनिटांची कॅसेट वेव्ह या न दाबलेल्या स्वरूपात साधारण ९५० एमबी भरते आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता दाबून लहान केलेल्या स्वरूपात, बदलल्यावर बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे दीडशे कॅसेटचा ऐवज शंभर जीबीच्या आत बसतो. घरचे व्हिडिओ आणि फोटो धरून माझा ‘परत न मिळणारा’, म्हणजे पहिला, वर्ग सुमारे २६० जीबीचा आहे. तुमचाही याच अंगाने मोजून पाहा. स्वतः विकत घेतलेल्या सीडींवरून उतरवलेले संगीत दुसऱ्या वर्गात टाकावे. ते पुन्हा मिळते, पण पुन्हा दोनशे वेळा सीडी घालायला कंबर कसावी लागते. सीडी मात्र विकू नका किंवा वाटून टाकू नका, कारण त्या तुमची एक फुकटची प्रत आहेत. मात्र एखाद्या लहान कंपनीची आणि आता बाजारात न मिळणारी सीडी असेल, तर ती मी डोळे मिटून पहिल्या वर्गात घालतो. चित्रपटांच्या बॅकअपवर मी एक रुपयाही खर्च करीत नाही, यावर घरात मतभेद आहेत.

निवड करताना जी गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे गाण्यांविषयीची माहिती. राग, ताल, साथीला कोण होते, बैठक कुठे झाली, हे जर केवळ जेलीफिन किंवा कोडी अशा, संग्रह मांडून वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या डेटाबेसमध्ये असेल, तर फाइली शाबूत राहूनही तुमची कित्येक संध्याकाळची मेहनत बुडेल. ही माहिती शक्यतो फाइलच्या आतच, टॅगमध्ये लिहावी आणि डेटाबेस व प्लेलिस्ट यांचीही प्रत घ्यावी. कॅसेटच्या डबीतला पुठ्ठा, ज्यावर आपल्या माणसाच्या हस्ताक्षरात तारीख आणि बंदिशी लिहिलेल्या असतात, तो स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा.

आता प्रती किती आणि कुठे, याविषयी. पीटर क्रॉग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम घरगुती संग्रहाला नेमका लागू पडतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. तुमचे नॅस ही त्यातली एकच प्रत धरावी, दोन नव्हेत. माझी व्यवस्था अशी आहे की, एक बाहेरची डिस्क महिन्यातून एकदा नॅसला जोडून प्रत घेतली की लगेच काढून ठेवतो. कायम जोडलेली डिस्क ही व्हायरसच्या दृष्टीने नॅसचाच भाग असते, म्हणून ती काढण्याचा आळस करू नये. तशीच दुसरी डिस्क पुण्याला असते. वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याच्या आणि खंडेनवमीच्या सुमारास, या दोघींची अदलाबदल होते. हत्यारे पुजायच्या दिवशी हार्ड डिस्कलाही हळदकुंकू लागते, याची बहिणीची मुले चेष्टा करतात, पण या दोन दिवसांमुळे काम विसरले जात नाही, हे खरे. पुरानंतर मी त्यात एक भर घातली: त्या सहा महिन्यांत नवे जे काही पहिल्या वर्गात येईल, ते त्याच रात्री क्लाउडवर जाते, कारण मला अकरा महिन्यांचीच अंधारी जागा नडली होती.

प्रत घेण्याच्या पद्धतीत एक फरक नीट समजून घ्यावा. ‘इकडे आहे तसेच तिकडे’ करणारे साधन, मग ते आरसिंक असो की फ्रीफाइलसिंक, तुमच्या चुकाही तितक्याच इमानदारीने तिकडे नेते. मी एकदा टॅग सुधारणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाइली निवडलेल्या असताना एकाच बैठकीचे नाव लिहिले आणि तीनशेहून अधिक फाइलींचे नाव तेच झाले. ते माझ्या लक्षात येईपर्यंत रात्रीच्या ठरलेल्या वेळी तो सगळा गोंधळ प्रतीवरही पोहोचला होता. म्हणून बदललेली किंवा पुसलेली जुनी फाइल तारखेच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवण्याची सोय चालू करावी. फ्रीफाइलसिंकमध्ये ती सेटिंगमध्येच आहे आणि आरसिंकमध्ये बदललेल्या फाइलींसाठी वेगळे फोल्डर देता येते. रेस्टिक किंवा बोर्गसारखी साधने प्रत्येक वेळचे चित्र स्वतंत्र जपतात आणि न बदललेला भाग पुन्हा लिहीत नाहीत, त्यामुळे जागाही फार जात नाही. आणखी एक बारकावा: आरसिंक नेहमीच्या पद्धतीत फाइलचा आकार आणि बदलाची वेळ एवढेच पाहते. टॅगच्या प्रोग्रॅममध्ये ‘फाइलची वेळ बदलू नये’ हा पर्याय चालू असेल आणि फ्लॅकमध्ये आधीच राखलेल्या मोकळ्या जागेत नवे टॅग मावले, तर आकारही बदलत नाही आणि तुमची दुरुस्ती प्रतीवर जातच नाही. तो पर्याय बंद ठेवावा.

प्रत आहे एवढ्यावर समाधान मानू नये, ती वाचता येते का हेही पाहावे. फ्लॅकचा मोठा गुण माझ्या मते जागा वाचवण्यापेक्षा हा आहे की, फाइल तयार होतानाच मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा (ध्वनीवरून गणिताने काढलेला, एक बिट बदलला तरी बदलणारा आकडा) तिच्या सुरुवातीलाच लिहून ठेवला जातो. फ्लॅकचा चाचणी-पर्याय चालवला की संपूर्ण फाइल उलगडून तो ठसा जुळतो का ते तपासले जाते, आणि हा ठसा फक्त ध्वनीचा असल्यामुळे टॅग कितीही बदलले तरी तो बदलत नाही. वेव्ह, एमपी३, व्हिडिओ आणि फोटो यांना असे अंगचे संरक्षण नसते. त्यांच्यासाठी एसएचए-२५६ या तशाच प्रकारच्या ठशांची यादी करून ती फोल्डरमध्येच ठेवावी. अदलाबदलीच्या वेळी मी ही सगळी तपासणी रात्रभर लावून ठेवतो आणि सकाळी पाच-सहा फाइली प्रतीवरून दुसऱ्याच संगणकावर घेऊन प्रत्यक्ष ऐकतो.

मराठी नावे ठेवणाऱ्यांना दोन ठिकाणी ठेच लागते, आणि इंग्रजी मार्गदर्शनात त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. पहिली ठेच लांबीची. विंडोज फाइलच्या नावाला २५५ अक्षरचिन्हे देते, पण बहुतेक नॅस ज्या लिनक्सवर चालतात, तिथे मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट खाते. म्हणजे हाती राहतात जेमतेम ८५ चिन्हे, आणि राग, ताल, कलाकार, गाव आणि तारीख लिहिणारा माणूस ती सहज ओलांडतो. मग तेवढीच फाइल प्रतीत जात नाही आणि तिची नोंद लॉगच्या तळाशी एका ओळीत असते, जी कोणी वाचत नाही. दुसरी ठेच ‘ऱ’ची आहे. ‘दुसऱ्या दिवशीची बैठक’ या नावातला ‘ऱ’ एका चिन्हानेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता, म्हणजे खालचा टिंब, अशा दोन चिन्हांनीही. डोळ्याला फरक दिसत नाही, पण जुन्या मॅकची फाइलपद्धत दुसरे रूप साठवीत असे. त्यामुळे मॅकवरून आलेली आणि विंडोजवरून आलेली तीच फाइल साधनाला दोन वेगळ्या फाइली वाटतात, आणि एकतर दुहेरी प्रती तयार होतात किंवा एक ‘जास्तीची’ म्हणून पुसली जाते. मी आता नाव आखूड ठेवतो, तारीख आधी लिहितो आणि बाकी सगळे टॅगमध्ये घालतो.

क्लाउडचे गणित तुम्ही स्वतःच करून पाहा. अपलोडचा खरा वेग ५० एमबीपीएस (सेकंदाला ५० मेगाबिट) असेल, तर २ टेराबाइट चढवायला सलग ८९ तास लागतात. २६० जीबीला साडेअकरा तास पुरतात, म्हणजे एका रात्रीचे काम. महिन्याच्या डेटाला मर्यादा असेल तर हा फरक आणखी जाणवतो. काही स्वस्त योजनांत ठेवायचे पैसे कमी आणि परत आणायचे जास्त असतात, म्हणून दर पाहताना दोन्ही पाहावेत. क्लाउड ही एकमेव प्रत मात्र कधीच असू नये. मायस्पेसने २०१९ मध्ये जाहीर केले की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत चढवलेले संगीत नाहीसे झाले, आणि त्यात सुमारे ५ कोटी गाणी होती. क्लाउडवर जाणारे मी सांकेतिक करूनच पाठवतो आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून बहिणीकडे ठेवलेला आहे. डिस्कवरच्या गाण्यांना मात्र कुलूप लावत नाही, कारण वडिलांची हार्मोनियम कोणी चोरून ऐकेल यापेक्षा मीच पासवर्ड विसरेन, ही शक्यता मोठी वाटते.

तेव्हा खरेदीचा क्रम असा ठेवावा: आधी नॅसएवढ्या क्षमतेची एक बाहेरची डिस्क, जमेल तेव्हा तशीच दुसरी. व्हिडिओ असल्यामुळे त्या फॅट३२ या जुन्या फाइलपद्धतीत ठेवू नका, कारण तिथे ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. पावसाळ्यात डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. जुन्या ५०० जीबीच्या डिस्कविषयी म्हणाल, तर तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने आधी पाहा. बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांचा (डिस्कवरच्या बिघडलेल्या किंवा बिघाडाचा संशय असलेल्या तुकड्यांचा) आकडा शून्याहून अधिक असेल, तर तिचा नाद सोडा. शून्य असेल, तर तिच्यावर फक्त पहिला वर्ग भरा, वर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि नवी डिस्क येईपर्यंत, या रविवारीच, ती दुसऱ्या गावातल्या एखाद्या नातेवाइकाकडे पोहोचती करा.