सुनेचं नाव तांदळात लिहायचं का?

प्रश्न : माझ्या मुलाचं लग्न नॉर्वेच्या मुलीशी ठरलं आहे. बर्गनला दोघं एकत्र शिकत होती. लग्न फोंड्याला, देवळाच्या सभामंडपात, आमच्याच पद्धतीने होणार. मुलीचं नाव सिग्रिड. तिच्या भावाचं नाव ब्योर्न, म्हणजे म्हणे अस्वल! माझ्या जावा हसतात. म्हणतात, ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायलाच हवं, हे असलं नाव देवासमोर कोण घेणार? या नावाला अर्थ तरी आहे का? असल्यास त्याच अर्थाचं मराठी नाव सुचवाल का?
— एक होणारी सासू, मडगाव

उत्तर : ताई, अर्थ आहे, आणि तो जावांना जरूर सांगा. सिग्रिड हे जुन्या नॉर्स भाषेतलं, म्हणजे नॉर्वेच्या बाजूच्या जुन्या भाषेतलं, जोडनाव. पहिला तुकडा 'सिग्र' म्हणजे विजय. दुसरा 'फ्रीद' म्हणजे सुंदर, लाडकी. आपल्याकडे इंद्रजित, यशोधरा अशी नावं जशी दोन शब्द जोडून होतात, अगदी तशीच ही घडण. तिकडे दुसऱ्या तुकड्यावरून नाव मुलीचं की मुलाचं ते ठरे. इंग्रिड, आस्ट्रिड यांच्या शेवटी हाच 'फ्रीद' आहे. इंग्रिडमध्ये तो इंग नावाच्या देवाला जोडलाय, आस्ट्रिडमध्ये देव या अर्थाच्याच शब्दाला.

आता खरी गोष्ट. 'सिग्र'चं संस्कृतातलं भावंड म्हणजे 'सहस्', बळ, जिंकण्याची ताकद. ऋग्वेदात अग्नीला 'सहसः सूनुः' म्हटलंय ते हेच सहस्. आणि 'फ्रीद' हे आपल्या 'प्रीत'चं भावंड. 'प'चा तिकडे 'फ' होतो, जसं आपलं पितृ आणि त्यांचं फादर. हजारो वर्षांपूर्वी या दोन्ही भाषांची आजी एकच होती. तेव्हा देवासमोर हे नाव घ्यायला जिभेला संकोच कसला? फक्त तिलाच विचारा, ती स्वतः कसं म्हणते. नॉर्वेत शेवटचा 'ड' बहुधा उच्चारत नाहीत, 'सिग्रि' म्हणतात.

ब्योर्नचंही ऐका. अस्वलासाठी जो मूळ जुना शब्द होता, ज्यातून आपला 'ऋक्ष' आला, तो जर्मानिक लोकांनी, म्हणजे जर्मन, इंग्रज, नॉर्वेवाले यांच्या पूर्वजांनी, टाकूनच दिला. नाव घेतलं तर जनावर येईल, ही भीती. त्याऐवजी ते नुसतं 'तपकिरी' म्हणू लागले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. माझी आजी तिन्हीसांजेला 'साप' म्हणू द्यायची नाही, 'जनावर' म्हणायची. त्या भीतीतून आलेला शब्द पुढे मुलांचं नाव झाला, कारण अस्वलाची ताकद मुलात यावी ही आईबापांची इच्छा. आपण नरसिंह ठेवतोच ना?

त्याच अर्थाचं मराठी नाव मागितलंत. 'जयप्रिया' होईल. पण मी ते सुचवत नाही.

1974 साली माझं लग्न झालं. ताट आलं, तांदूळ आले, अंगठी आली. भटजींनी नाव विचारलं ते माझ्या सासऱ्यांना. माझ्या आजोबांनी हौसेने ठेवलेलं नाव त्या तांदळात गेलं. सासर प्रेमळ होतं, कुणावर माझा राग नाही. पण आई वारली तेव्हा त्या नावाने मला हाक मारणारं शेवटचं माणूस गेलं, आणि ते दुःख मला अजून आहे. 2006 साली माझ्या धाकट्या सुनेच्या लग्नात मी ताट पुढे ओढलं आणि मुलाला सांगितलं, तिचंच नाव लिही. विधी झाला, तांदूळ राहिले, अंगठी राहिली, कुणाचं काही अडलं नाही. तुमच्या मुलाला सांगा, देवनागरीत 'सिग्रिड' लिही. अक्षरं मोठी काढ.

नाव बदलायचं तर ज्याचं त्याने बदलावं. 1905 साली डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल नॉर्वेचा राजा झाला, तेव्हा त्याने स्वतः 'होकोन' हे तिथलं जुनं नाव घेतलं आणि मुलाला 'ओलाव' केलं. त्या ओलावचा मुलगा हाराल्ड, आणि हाराल्डने आपल्या मुलाला पुन्हा पणजोबांचंच होकोन हे नाव दिलं. घराण्यातलं नाव फिरून पाळण्यात आणण्याची ही हौस आपल्या गोव्यातल्या घरांना वेगळी सांगायला नको.

प्रश्न : आमच्या आडनावाला अर्थच नाही, ते पोर्तुगिजांनी दिलं, असं वडील म्हणत. खरं का?
— एक रॉड्रिग्ज, म्हापसा

उत्तर : दिलं पोर्तुगिजांनी हे खरं. धर्मांतराच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे. पण शब्द मुळात पोर्तुगिजांचाही नाही. रोमचं साम्राज्य ढासळलं तेव्हा व्हिसिगॉथ नावाचे जर्मानिक लोक इबेरियात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालात, शिरले, त्यांनी राज्य केलं, 711 मध्ये ते बुडालं, आणि नावं मात्र तिथेच राहिली. त्या काळातल्या शेवटच्या राजांपैकी एकाचं नाव रोडेरिक, त्याचंच पुढे रोड्रिगो. रोड्रिगोचा मुलगा तो रॉड्रिग्ज. 'ह्रोद' म्हणजे कीर्ती, 'रिक' म्हणजे राजा. हे 'रिक' आणि आपलं 'राजन्' एकाच मुळाचे. मराठीत तुम्ही कीर्तिराजाचे वंशज!

फर्नांडिसच्या शेवटच्या भागात धाडस आहे, गोन्साल्विसच्या सुरुवातीला युद्ध, जे नॉर्वेच्या गुन्नारमध्येही आहे. हेन्रिक्समध्ये घराचा धनी. 1510 मध्ये गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कचं 'आफोन्सो'ही याच गोतातलं. मी एकतीस वर्षं शाळेत हजेरी घेताना ही नावं रोज पुकारली. तेव्हा हे ठाऊक असतं तर मुलांना त्या दिवशीच सांगितलं असतं. सगळीच आडनावं अशी नाहीत. पेरेरा हे पेअरचं झाड, कार्व्हालो ओकचं.

प्रश्न : आइसलंडच्या फुटबॉल संघात जवळजवळ सगळ्यांची आडनावं 'सन'ने संपतात. एकाच घराण्यातले का?
— एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : नाही रे. तिथे बहुतेकांना आडनावच नसतं. बापाच्या नावापुढे मुलाला 'सॉन', मुलीला 'दोत्तिर' लागतं, म्हणजे सख्ख्या भावाबहिणीचंही वेगळं. आईचं नावही लावता येतं, जसा आपला कौंतेय. त्यामुळे टेलिफोनच्या यादीतही लोक पहिल्या नावानेच लावलेले असत. 1980 मध्ये तिथे विग्दीस फिन्बोगादोत्तिर, म्हणजे फिन्बोगीची लेक, राष्ट्राध्यक्ष निवडून आल्या. 'विग' युद्ध, 'दीस' देवी. राष्ट्राध्यक्ष झाल्या तरी लोकांसाठी त्या विग्दीसच राहिल्या.