तारीख नको, धरणाचा टक्का विचारा

प्रश्न : ताई, 2024च्या डिसेंबरात आम्ही मुलांना घेऊन उजनी धरणाच्या बॅकवॉटरला भिगवणजवळ गेलो होतो. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी एवढा ठाण्याहून प्रवास केला आणि होडीतून तासभर फिरून एकही दिसला नाही. नावाडी म्हणाला, 'पाणी जास्त आहे, म्हणून नाहीत.' तलावाचे पक्षी आणि पाणी जास्त म्हणून येत नाहीत, हे पटत नाही. यंदा पुन्हा यायचं आहे. नक्की कोणत्या तारखेला यावं? दिवसभर बघण्यासारखं आणखी काय? आणि तिथली मासळी खावी का? घरात दोन मतं आहेत.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नावाड्यानं थाप मारली नाही हो. रोहित चिखलात पाय रोवून, मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळत खातो. त्याला उथळ पाणी आणि खाली गाळ लागतो. 2024च्या ऑगस्टमध्ये उजनी भरली आणि डिसेंबरातही आमच्याकडं पाणी काठच्या बाभळींच्या बुंध्याला टेकलेलं होतं. तिथं त्यानं उभं कुठं राहायचं? त्याच्या आदल्या वर्षी उलटं झालं. 2023चा पाऊस दगा देऊन गेला, धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं आणि जानेवारी 2024मध्येच 'मायनस'मध्ये गेलं. त्या हिवाळ्यात दलदल लवकर उघडी पडली. शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणि फोटोवाल्यांची चंगळ, असं आमच्याकडं एकाच वेळी असतं.

हे मायनस प्रकरण पाहुण्यांना कळत नाही. उजनीत एकूण साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण त्यातलं 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे टक्क्यात न धरलेलं तळाचं पाणी आहे. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीची. म्हणून शून्य टक्के झाले तरी समोर अथांग पाणी दिसतं आणि पाहुणे म्हणतात, 'दुष्काळ कुठाय?' पुढं कालव्याची आवर्तनं सुटतात, सोलापूरकडं नदीत पाणी जातं आणि आकडा उणे वीस, उणे चाळीस असा उतरत राहतो. 2024च्या उन्हाळ्यात तो उणे साठाला जाऊन टेकला होता आणि पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडलं होतं.

तर तारीख मला विचारू नका. निघायच्या आठवड्यात पेपरात उजनीचा टक्का बघा. धरण भरलेलं असेल तर जानेवारीची अखेर ते मार्च धरून चाला. पाऊस कमी झाला असेल तर डिसेंबरातही चालेल. मुलांच्या शाळेची सुट्टी नाताळातच असते हे मला कळतं, पण ते पक्ष्यांना कोण सांगणार?

आता दिवसाचं. आदल्या रात्री मुक्कामाला या आणि उजाडायच्या आत काठावर चला. स्वेटर, कानटोपी घ्या, पाण्याकडचा वारा बोचतो. होडीची घाई करू नका, आधी पायी हिंडा. रस्त्यावर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग असेल आणि कोप्यांपुढं ऊसतोड मजुरांच्या चुली पेटलेल्या असतील. शेतातून खाली उतरलात की गाळपेर लागते. पाणी मागं सरतं तशी जमीन मोकळी होते आणि लोक त्या ओल्या काळ्या गाळात हरभरा, ज्वारी, कांदा टाकतात. खत नाही, पाणी देणं नाही, निव्वळ ओलीवर पीक.

त्या हरभऱ्यात सकाळी नीट बघा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली राखी हंसं चरत असतील. ते पट्टकादंब. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे आणि इथं येऊन डल्ला कशावर, तर आमच्या हरभऱ्याच्या शेंड्यांवर! शेतकरी डबा वाजवत धावतो, ते उठतात आणि पलीकडच्या तुकड्यात बसतात. रोहितांच्या नादात लोक यांच्याकडं बघतसुद्धा नाहीत. मला विचाराल तर हिवाळ्यातलं खरं बघण्यासारखं हेच. बरोबर नारिंगी चक्रवाकांच्या जोड्या असतात, पाण्यात फावड्यासारख्या चोचीचे थापटे आणि कडेला चित्रबलाक. तुमचा डिसेंबर अगदीच वाया गेला असं मी म्हणणार नाही.

काठानं आणखी चाललात तर काळे-निळे पाइप आणि केबली लांबवर पाण्याकडं गेलेल्या दिसतील. धरण भरलेलं असताना मोटार शेताच्या बांधाशी असते. पाणी उतरलं की ती पुढं, मग आणखी पुढं, प्रत्येक वेळी नवे पाइप, नवी केबल. शेवटी पाणी मोटारीकडं यावं म्हणून गाळात चारी खणतात. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांचीच नातवंडं आज धरणाच्या पाण्यामागं पाइप घेऊन धावतात. यावर गावात रोज बोलणं होतं, पर्यटकांपर्यंत ते पोचत नाही.

ऊन वर आलं की होडीत बसा. रोहित असतील तर लांबूनच बघा. दुर्बिणीतून एकाच पक्ष्यावर नजर ठेवा. तो जागच्या जागी पाय आपटत गोल फिरतो, गाळ ढवळतो आणि वर आलेलं बारीक खाणं चोचीनं गाळून घेतो. थवा उडालेला फोटो हवा म्हणून नावाड्याला 'जरा जवळ घे, टाळी वाजव' म्हणू नका. काही जण पैशासाठी ऐकतातही. उपाशी पक्षी उठवून काढलेला फोटो भिंतीवर कशाला लावायचा? आणि कुरवांना (सीगल) शेव-फरसाण टाकणारे तर दर रविवारी दिसतात. त्यांना समोर मासळी असते, तुमची शेव तुम्हीच खा.

मासळीचं सांगते. मी खाते. भिगवणच्या बाजारात सकाळी लिलाव असतो, तो बघायला जाच. सगळ्यात जास्त ढीग चिलापीचे, कारण या बाहेरून आलेल्या माशानं इथं बस्तान मांडलंय. कटला, रोहू असतात. वाम आणि मरळ आली की भाव चढतो. बारीक जाळ्याची 'वडाप' लावून बोटाएवढी पिल्लं ओढणाऱ्यांवर आमच्या भोई मंडळींचा राग आहे आणि तो रास्त आहे. पाण्याबद्दल मात्र तुमच्या घरातलं 'नको' म्हणणारं मतही खोटं नाही. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथंच येतं. उन्हाळ्यात साठा आटला की पाणी हिरवंगार होतं आणि वास सुटतो. म्हणून मी मासळीची हौस हिवाळ्यात भागवून घेते. कल्ला उचलून लाल दिसला तरच घ्या.

प्रश्न : माझं माहेर करमाळा तालुक्यात, पाण्यापलीकडं. आई थकली आहे. होडीनं पलीकडं जावं का?
— एक वाचक, इंदापूर

उत्तर : 21 मे 2024ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती वळवाच्या वाऱ्याची वेळ होती. हिवाळ्याच्या सकाळी पाणी शांत असतं, तरी आईला लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसवू नका. होडीत जॅकेटच नसेल तर सरळ माघारी फिरा. दुचाकी चढवलेल्या होडीत तर बसूच नका. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झालाय, तो वाहता होईपर्यंत आईला घेऊन जायचं तर गाडी करून रस्त्यानंच वळसा घाला. भाड्याला चार पैसे जास्त जातील. भावाला सांगा, निम्मे त्यानं द्यावेत.