वाचकांचे प्रश्न : पाठदुखी, नामंजूर दावा आणि फेडरल कोर्ट

प्रश्न : आम्ही गेली एकोणीस वर्षे न्यू जर्सीत राहतो. माझे पती एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करीत होते. त्यांचे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे. वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांच्या कमरेच्या मणक्यांमधील चकती सरकली, डाव्या पायात पार घोट्यापर्यंत कळ जाऊ लागली, शस्त्रक्रियाही झाली. पण दुखणे गेले नाही. सोशल सिक्युरिटीच्या (अमेरिकी सरकारच्या सामाजिक विमा योजनेच्या) अपंगत्व लाभासाठी केलेला अर्ज दोनदा नामंजूर झाला. नंतर प्रशासकीय न्यायाधीशांपुढे व्हिडिओवर सुनावणी झाली आणि तेथेही नकारच मिळाला. निकालपत्रात लिहिले आहे की, ते दिवसाचे सहा तास उभे राहू शकतात, वीस पौंडांपर्यंत वजन उचलू शकतात, आणि ‘स्वयंपाकात मदत करतात, दुकानात जातात, गणेशोत्सवाला हजर राहतात’. प्रत्यक्षात ते आरतीला खुर्चीवर बसतात आणि प्रसाद होण्याआधीच गाडीची सीट आडवी करून तासभर पडून राहतात. सोशल सिक्युरिटीच्याच अपील्स कौन्सिल या फेरविचार मंडळानेही आमची विनंती नाकारल्याचे पत्र तीन आठवड्यांपूर्वी आले. आता कोर्टात गेल्यास कोर्ट त्यांची पुन्हा तपासणी करायला सांगेल का? त्यांना न्यायाधीशांपुढे उभे राहून आपली व्यथा सांगता येईल का? ते आता ५२ वर्षांचे आहेत.
— एक वाचक भगिनी, एडिसन

उत्तर : आधी मुदतीचे बोलू, कारण ती चुकली तर पुढचे सारे व्यर्थ आहे. अपील्स कौन्सिलचे पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा दाखल व्हावा लागतो. पत्रावरील तारखेनंतर पाच दिवसांनी ते आपल्याला मिळाले, असे कायद्याच्या नियमात गृहीत धरलेले आहे. म्हणून पत्रावरच्या तारखेपासून पासष्टावा दिवस आजच दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावा. शेवटच्या दिवशी टपालात टाकलेला दावा चालत नाही, तो मुदतीच्या आत कोर्टात पोहोचलेला असावा लागतो. सबळ कारण असेल तर अपील्स कौन्सिलकडे मुदतवाढ मागता येते, पण ती मिळेलच असे धरून चालू नये. डिसेंबर २०२२ पासून या दाव्यांसाठी वेगळे, सुटसुटीत नियम लागू झाले आहेत, त्यामुळे सुरुवातीचा दावा एक-दोन पानांचाही पुरतो. दाखल शुल्क ४०५ डॉलर आहे आणि ते परवडत नसल्यास माफीचा अर्ज करता येतो.

आता आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर. कोर्ट आपल्या यजमानांना पुन्हा तपासायला सांगणार नाही आणि त्यांची साक्षही घेणार नाही. हे ऐकून बहुतेक कुटुंबे खचतात, कारण ‘कोर्टात गेलो की खरे-खोटे होईल’ अशी आपली समजूत असते. सोशल सिक्युरिटी कायद्याच्या २०५ (जी) या कलमानुसार कोर्टापुढे असते ती फक्त जुनी फाइल : दवाखान्यांच्या नोंदी, एमआरआयचे अहवाल, आपण भरलेले दैनंदिन जीवनाचे फॉर्म, सुनावणीचे शब्दशः टिपण आणि निकालपत्र. सरकार हीच फाइल प्रमाणित करून कोर्टात सादर करते आणि तेच त्याचे उत्तर समजले जाते. त्यानंतर आपल्या वकिलाने ३० दिवसांत लेखी युक्तिवाद द्यायचा, सरकारने पुढच्या ३० दिवसांत आपला द्यायचा, आणि त्यावर प्रत्युत्तरासाठी आपल्याला १४ दिवस मिळतात. अनेक प्रकरणांत तोंडी सुनावणी होतच नाही.

कोर्ट तपासते ते एवढेच की, निकालाला ‘भरीव पुराव्या’चा आधार आहे का आणि कायदा नीट लावला आहे का. या ‘भरीव’ शब्दाने फसू नये. एखाद्या समंजस माणसाला निष्कर्षासाठी पुरेसा वाटेल इतकाच तो पुरावा असावा लागतो. ही व्याख्या या क्षेत्रात १९७१ च्या ‘रिचर्डसन विरुद्ध पेरालेस’ या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे रुजली, आणि योगायोग असा की पेरालेस हे टेक्सासमधील सॅन अँटोनियोचे ट्रकचालक होते व कामावर वजन उचलताना त्यांच्या पाठीलाच इजा झाली होती. सरकारी डॉक्टरांचे लेखी अहवाल, ते डॉक्टर साक्षीला आले नसले तरी, भरीव पुरावा ठरू शकतात, असे न्यायालयाने त्यांच्या विरोधात ठरवले. पुढे २०१९ मध्ये ‘बीस्टेक विरुद्ध बेरीहिल’ या प्रकरणात मणक्याच्या चकत्यांच्या झिजेने त्रस्त असलेला एक बांधकाम कामगार याच न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी हरला आणि हा उंबरठा उंच नाही, हे न्यायालयाने पुन्हा बजावले. दोन्ही प्रकरणे पाठीचीच होती. तेव्हा ‘यांना खरोखर दुखते हो’ हा युक्तिवाद, कितीही खरा असला, तरी कोर्टात उपयोगी पडत नाही. निकाल ज्या कारणांवर उभा आहे, ती कारणे फाइलशी जुळतात का, हे एकेक करून दाखवावे लागते. आणि येथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे : जे कारण निकालपत्रात लिहिलेलेच नाही, ते सरकारच्या वकिलाला कोर्टात मागाहून जोडता येत नाही.

आपल्या प्रकरणातील सर्वात महत्त्वाचे वाक्य माझ्या मते गणेशोत्सवाचे नसून ‘सहा तास उभे राहू शकतात, वीस पौंड उचलू शकतात’ हे आहे. नियमांच्या भाषेत याला ‘हलके काम’ म्हणतात. त्याच्या खाली ‘बैठे काम’ येते, ज्यात जास्तीत जास्त दहा पौंड वजन आणि दिवसाचे सुमारे सहा तास बसणे अपेक्षित असते. माणूस तिशी-चाळिशीत असेल तर या दोन पायऱ्यांमधल्या फरकाने सहसा फारसे बिघडत नाही, कारण बसून कामे करू शकतो असे म्हणून दावा तरीही फेटाळला जातो. पन्नाशी ओलांडली की चित्र पालटते. पन्नास ते चोपन्न वयाचा, शाळेपुरते शिक्षण असलेला, अंगमेहनतीच्या जुन्या कामातून बैठ्या कामाला उपयोगी पडेल असे कसब न मिळालेला माणूस फक्त बैठे कामच करू शकतो, असे ठरले, तर वय-शिक्षण-अनुभवाच्या तक्त्यांनुसार तो अपंग ठरतो. हलके काम करू शकतो असे ठरले, तर तो अपंग ठरत नाही. म्हणजे आपल्या यजमानांचे भवितव्य त्या एका शब्दावर टांगलेले आहे. आपण पत्रात हा मुद्दा काढलाच नाही, याचे नवल नाही. निकालपत्रात तो अकराव्या-बाराव्या पानावर तांत्रिक भाषेत दडलेला असतो.

म्हणून निकालपत्र हातात घेऊन पाहावे की, हे सहा तास आले कोठून. पुष्कळदा ते राज्य यंत्रणेतील अशा डॉक्टरांच्या मतावरून येतात, ज्यांनी रुग्णाला पाहिलेले नसते, केवळ कागद वाचलेले असतात. ते मत शस्त्रक्रियेच्या आधीचे आहे का, आणि नंतरच्या एमआरआयमध्ये नस दबल्याचे दिसते का? शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी वीस मिनिटांहून अधिक उभे राहू नये असे लिहिले असेल, तर ते का मानले नाही, याचे कारण दिले आहे का? २७ मार्च २०१७ पासून केलेल्या अर्जांत आपल्या डॉक्टरांच्या मताला आपोआप झुकते माप मिळत नाही. पण त्या मताला तपासणीचा आधार किती आणि ते बाकीच्या पुराव्याशी किती जुळते, या दोन गोष्टींचा खुलासा न्यायाधीशांना करावाच लागतो. न्यू जर्सी ज्या तिसऱ्या सर्किटच्या (फेडरल न्यायालयांच्या विभागाच्या) अपील न्यायालयाखाली येते, त्या न्यायालयाने १९८१ च्या ‘कॉटर विरुद्ध हॅरिस’ या निकालात सांगितले आहे की, विरोधी पुरावा बाजूला सारताना तो का सारला हे लिहिले नाही, तर वरच्या कोर्टाला तो पुरावा विचारपूर्वक नाकारला की नजरेतूनच सुटला, हे कळायला मार्ग राहत नाही. पाठदुखीचे दावे कोर्टात टिकतात ते बहुधा याच मुद्द्यावर.

आता गणेशोत्सव. दुखण्याची तीव्रता ठरवताना दिनक्रम पाहण्याची मुभा नियमातच आहे, त्यामुळे तो उल्लेख मुळात गैर नाही. पण त्याच नियमात औषधांचा डोस व त्यांचे दुष्परिणाम, घेतलेले इतर उपचार, दुखणे कशाने वाढते, आणि आराम पडावा म्हणून माणूस काय करतो, याचाही विचार करायला सांगितले आहे. पाठीवर सपाट पडून राहण्याचे उदाहरण तर नियमाने स्वतःच दिले आहे. गाडीतली ती आडवी सीट नेमकी येथे बसते. प्रश्न इतकाच की, ती फाइलमध्ये आहे का. आपल्या यजमानांनी सुनावणीत ती सांगितली असेल किंवा फॉर्मवर लिहिली असेल, आणि निकालपत्राने ‘हजर राहतात’ एवढाच तुकडा उचलून पुढचा भाग गाळला असेल, तर तो ठोस आक्षेप आहे. ‘स्मिथ विरुद्ध कॅलिफानो’ या १९८१ च्या निकालात याच अपील न्यायालयाने म्हटले आहे की, अधूनमधून केलेल्या तुरळक हालचालींनी अपंगत्व खोटे ठरत नाही. त्या गृहस्थांवर तर शिकारीला गेल्याचा ठपका होता. मात्र फॉर्मवर आपण केवळ ‘सणाला जातो’ असे लिहून थांबला असाल, तर आता कोर्टात ते वाक्य लांबवता येणार नाही. आपल्याकडे दुखणे कमी करून सांगण्याला सभ्यपणा समजतात. या फॉर्मवर तो फार महागात पडतो.

सुनावणीच्या टिपणात व्यवसायतज्ज्ञाची, म्हणजे अशा माणसाला कोणती नोकरी जमेल हे सांगणाऱ्या जाणकाराची, साक्षही वाचावी. शेवटी बहुधा असा प्रश्न असतो की, हा माणूस महिन्यातून दोन दिवस गैरहजर राहिला किंवा दिवसाचा ठरावीक वेळ कामावरून उठून पडून राहिला तर नोकरी टिकेल का. उत्तर ‘नाही’ असे असेल आणि निकालपत्राने त्याचा विचार का केला नाही हे सांगितले नसेल, तर वकिलाला ते पान दाखवा.

जिंकल्यास काय मिळते, याबद्दलही अपेक्षा बेताची ठेवावी. कोर्ट स्वतः लाभ मंजूर करते असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा प्रकरण नव्या सुनावणीसाठी परत जाते. वकील याला वर सांगितलेल्या २०५ (जी) कलमाच्या ‘चौथ्या वाक्याखालील’ आदेश म्हणतात. सहावे वाक्य नव्या पुराव्यासाठी आहे. पण तो पुरावा निकालाच्या आधीच्या काळाशी निगडित, निकाल बदलू शकेल असा, आणि आधी न दिल्याला सबळ कारण असलेला हवा. गेल्या महिन्यात दुखणे वाढले म्हणून काढलेला एमआरआय यात सहसा बसत नाही; त्यासाठी नवा अर्ज करावा, आणि तो कोर्टातील दावा चालू असतानाही करता येतो.

वकिलाच्या शुल्काची भीती बाळगू नये. कोर्टातील कामाचे शुल्क आपल्याला मिळणाऱ्या लाभाच्या मागील थकबाकीच्या २५ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. शिवाय सरकारची भूमिका पुरेशी समर्थनीय नव्हती असे ठरल्यास वेगळ्या कायद्याखाली सरकारकडूनही शुल्क मिळते, आणि दोन्ही मिळाल्यास त्यांतील लहान रक्कम वकिलाने आपल्याला परत करायची असते.

प्रश्न : माझे वय ४४ आहे. पुण्यात बारा वर्षे आणि अमेरिकेत एच-१बी व्हिसावर सलग सहा वर्षे नोकरी केली. मणक्याच्या आजाराने काम सुटले. चाळीस क्रेडिट्स (नोकरीच्या कमाईवर सोशल सिक्युरिटीत जमा होणारे गुण) नसल्याने अर्ज करू नये, असे मित्र सांगतात. भारतातील वर्षे धरता येतील का?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : भारतातील वर्षे धरता येत नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा एकत्रीकरण करार, म्हणजे दोन्ही देशांतील नोकरीची वर्षे एकत्र धरण्याचा करार, नाही. पण मित्रांची माहिती निवृत्तिवेतनाची आहे. अपंगत्व लाभासाठी क्रेडिट्सची संख्या वयानुसार ठरते. ४४ व्या वर्षी ती साधारण २२ आहे, आणि त्याशिवाय अपंगत्वाच्या आधीच्या दहा वर्षांत २० क्रेडिट्स असावी लागतात. वर्षाला चार याप्रमाणे आपली २४ झाली असावीत, तेव्हा सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर आपली कमाईची नोंद पाहून अर्ज करावा. आजार बारा महिने टिकलेला किंवा टिकण्याजोगा असायला हवा. उपचारासाठी पुण्याला परतण्याचा विचार असेल, तर नागरिक नसलेल्यांचा लाभ अमेरिकेबाहेरील सहा महिन्यांहून अधिक वास्तव्याने थांबू शकतो, हे तिकीट काढण्यापूर्वी तपासून घ्यावे.